गावकारी आणि खाजन : एका प्राचीन संस्थेचा वृत्तांत

संस्थेचा इतिहास लिहावयास बसणारा लेखक प्रथम तिच्या स्थापनेचा दिवस शोधतो. संस्थापकांची नावे, पहिल्या सभेचा वृत्तांत, पहिल्या वर्गणीचा हिशेब यांपासून त्याच्या लेखनास आरंभ होतो. गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या गोमंतकातील गावकारी संस्थेच्या बाबतीत असा दिवस कोणास दाखविता येत नाही. बांदिवडे येथे मिळालेल्या, इसवी सनाच्या सुमारे सहाव्या शतकातील, मौर्यवंशीय राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’, म्हणजे खाजन, जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो, आणि दान घेणाऱ्याने ती जमीन बांध घालून लागवडीस आणावी अशी अपेक्षा त्यात दिसते. म्हणजे खाडीचे पाणी अडवून भाताचे शेत उभे करण्याची विद्या या भूमीत तेव्हाच अवगत होती. पुढे सुमारे हजार वर्षांनी, १६ सप्टेंबर १५२६ रोजी, पोर्तुगीज राज्याच्या खजिन्याचा प्रमुख अधिकारी आफोंस मेशिया याने तिसवाडी बेटातील गावकारांच्या वहिवाटी कलमवार लिहवून घेतल्या. ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दस्तऐवजाच्या प्रारंभी अशी परंपरा नमूद आहे की, फार प्राचीन काळी चार पुरुष एका ओसाड बेटावर आले, त्यांनी तेथील पडीक जमीन मशागतीखाली आणली, कालांतराने तेथे मोठी वस्ती झाली, आणि त्या आद्य वसाहतकारांच्या कारभारकौशल्यामुळे त्यांस गावकार ही संज्ञा प्राप्त झाली. या चार पुरुषांची ऐतिहासिकता कोणी सिद्ध करावी असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या संस्थेस स्वतःची उत्पत्ती सांगताना देवाचे वरदान किंवा राजाची सनद न आठवता जमीन कसल्याची गोष्ट आठवते, तिचा स्वभाव त्या एका आठवणीतच प्रकट होतो, असे मला निश्चितपणे वाटते.

हा स्वभाव घडला तो खाजनाच्या भूरचनेमुळे. मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्रास मिळण्यापूर्वी कित्येक मैल सपाटीवरून सावकाश वाहतात, आणि तितके मैल समुद्राची भरती त्यांच्या पात्रांतून दिवसातून दोनदा आत शिरते. या नद्यांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. मोकळी सोडली तर ती खारफुटीने भरलेली दलदल होते, आणि बांधून काढली तर तीच गोमंतकातील उत्कृष्ट भातशेती ठरते. अशी जमीन आज सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते, आणि तिचा फार मोठा भाग तिसवाडी, बारदेश व साष्टी या तीन महालांत आहे. डोंगरउतारावरील मोरड जमीन एकट्यादुकट्या कुटुंबास कसता येते. खाजन एकट्यास कसता येत नाही, कारण नदीकाठचा बांध जेथे कोठे फुटेल तेथून आलेले पाणी कोणाचे शेत कोणते हे पाहत नाही. एका रात्रीत शिरलेला खार सबंध खाजनभर पसरतो आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तो धुऊन काढावा लागतो.

बांधाची रचना वरकरणी साधी दिसते. नदीच्या पात्रातीलच चिकट चिखल काढून, त्यात भाताचा पेंढा व झाडांच्या फांद्या घालून तो थरांवर थर रचावयाचा, नदीच्या अंगास जांभ्या दगडाचा थर द्यावयाचा, आणि बाहेरची खारफुटी मुद्दाम राखावयाची, म्हणजे लाटेचा पहिला मार तिच्यावर पडतो. असा बांध दरवर्षी पाऊस सरल्यावर नव्या चिखलाने लिंपावा लागतो. त्याचे खरे वैरी लाटेपेक्षा कुर्ल्या होत. कुर्लीने बांधाच्या पोटात बोटभर बीळ केले, की पुढच्या उधाणात त्यातून पाण्याची बारीक धार लागते, धारेबरोबर माती जाते, आणि अमावास्येच्या मध्यरात्री जेथे बीळ होते तेथे पहाटे मोठी खांड पडलेली दिसते. म्हणून बांधावरून पायी फिरणारा राखणदार हा गावाचा आवश्यक सेवक होता; अष्टमीच्या भांगात, पाणी उतरलेले असताना, त्याने बिळे हेरावयाची आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आत ती बुजवावयाची, असे त्याच्या कामाचे पंचांग चंद्राने आखून दिलेले असे.

या बांधात जेथे खाडीचा फाटा आत येतो तेथे ‘मानस’ बसविलेली असते. जांभ्या दगडाच्या भक्कम चौकटीत खाऱ्या पाण्यात न कुजणाऱ्या लाकडाची दारे अशा रीतीने टांगलेली असतात की, भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटतात, आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आत साठलेले पावसाचे पाणी त्यांस आपोआप उघडून बाहेर पडते. मनुष्याचा हात न लागता दिवसातून दोनदा मिटणारे व दोनदा उघडणारे हे दार ज्याने प्रथम कल्पिले, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. मानशीच्या आत ‘पोंय’ नावाचा खोल जलाशय असतो. पावसाळ्यात भरतीच्या सहा तासांत दार मिटलेले असताना डोंगरावरून उतरणारे पाणी शेतात न तुंबता या पोंयीत साचते. गोमंतकात जे पर्जन्यमान आहे, शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे चार महिन्यांत कोसळतो, तेथे या पोंयीची रुंदी कमी करणे म्हणजे पीक बुडविणे होय, ही गोष्ट जुन्या गावकारांस पूर्णपणे ठाऊक होती.

ज्येष्ठात पहिल्या सरींनी जमिनीतील खार धुऊन निघाला की कोरगूट, आसगो अशा खार सोसणाऱ्या भाताची पेरणी होई; आश्विनात कापणी झाली की मानशीची दारे मर्यादित प्रमाणात उघडून नदीचे मचूळ पाणी शेतात घेतले जाई, आणि त्याबरोबर येणारी सुंगटे, शेवटे, काळुंदरे मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडत. काही ठिकाणी त्याच जमिनीच्या कडेस मिठागरे चालत. एकाच भूमीतून वर्षात भात, मासळी व मीठ काढणारी ही व्यवस्था तिच्या अंतर्गत मर्यादांवर उभी होती: मासळी अधिक हवी म्हणून मानस अधिक दिवस उघडी ठेवली तर पुढचे भात बुडते. कोणत्या तिथीस दार उघडावे आणि कोणत्या तिथीस बंद करावे, हा निर्णय मासे धरणाऱ्या मानशेकाराच्या मर्जीवर सोडता येत नसे. तो गावकारीचा असे.

गावकारीचे अंतरंग आता पाहू. गावातील मूळ वसाहतकारांचे वंशज ‘वांगड’ नावाच्या शाखांत विभागलेले असत, आणि प्रत्येक वांगडाचा मुख्य सभेत बसे. सभेचा ठराव तो ‘नेमो’. नेमो एकमताने होई. एका वांगडाचा नकार आला तरी प्रश्न अडे. आजच्या बहुमताच्या युगात ही पद्धत दिरंगाईची वाटेल, परंतु बांधासारख्या कामात ज्याच्यावर श्रम आणि खर्च लादावयाचा त्याची संमती आधी घेतली नाही तर ऐन उधाणात तो येत नाही, हा अनुभव त्या एकमताच्या मागे होता. सभेत कुळकर्णी हजर असलाच पाहिजे आणि नेमो त्याने लिहिलाच पाहिजे. खोटे लिहिणाऱ्या कुळकर्ण्यास कठोर शासन होते. हे लेखन पूर्वी गोयकानडी लिपीत चाले, आणि सोळाव्या शतकापासूनची अशी काही दप्तरे गोव्याच्या पुराभिलेखागारात आजही जतन आहेत.

जमीन गावकारीची, व्यक्तीची नव्हे, हे तत्त्व होते. भाताची शेते ठरावीक मुदतीने ‘पावणी’ने, म्हणजे जाहीर लिलावाने, कसावयास दिली जात, मानशीतील मासळीचीही पावणी होई. देवस्थानास व गावच्या कुंभार, परीट, न्हावी आदी सेवकांस धारामुक्त ‘नमशी’ जमिनी तोडून दिलेल्या असत. आलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा धारा, नंतर बांध-मानशींची दुरुस्ती व गावखर्च, आणि हे सर्व भागल्यावर जी शिल्लक राहील ती गावकारांत ‘जोण’ म्हणून वाटली जाई. हा क्रम संस्थेचा प्राण होता. जोण शेवटी होती. ज्या वर्षी बांधाने सर्व खाल्ले, त्या वर्षी गावकाराच्या पदरात काही पडत नसे, आणि म्हणूनच बांध वेळेवर लिंपला जावा यात प्रत्येक गावकाराचा स्वार्थ गुंतलेला असे.

राज्ये बदलत गेली. कदंब गेले, विजयनगर आले, बहामनी व त्यानंतर विजापूरची आदिलशाही आली. आदिलशाहीच्या अमदानीत साष्टी-बारदेशात घोडेवराड नावाची जी घोडदळाच्या खर्चाची पट्टी बसली, ती पोर्तुगीजांनीही तशीच पुढे चालू ठेवली. ठाणेदार हा हुद्दाही त्यांनी ‘तानादार-मोर’ या रूपात स्वीकारला. १५१० साली आल्फोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी घेतली, आणि १५४३ साली बारदेश व साष्टी कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. आलेल्या प्रत्येक सत्तेस धारा हवा होता, धाऱ्यासाठी भात हवे होते, आणि भातासाठी बांध हवा होता. हजारो खांड्या जमिनीच्या काठी रात्री-अपरात्री हजर राहील असे सरकारी मनुष्यबळ कोणत्याही दरबाराजवळ नव्हते. ते गावकारीजवळ होते. फोरालसारखा दस्तऐवज राज्य हाती आल्यावर अवघ्या सोळा वर्षांत लिहविला गेला, त्याचे कारण मी यातच पाहतो.

फोरालची ४९ कलमे बारकाईने वाचणाऱ्यास त्यांत एका जुन्या, पूर्ण विकसित संस्थेचे चित्र आढळते. नेवरे, गावशी, एला, आजोशी, करमळी, बाती, कलापूर व मोरंबी या आठ गावांच्या गावकारांस सबंध बेटाच्या कारभारात अग्रमान होता. एखादे गाव धारा भरण्यास सर्वथा असमर्थ झाले, तर त्याने तानादार-मोरास व या मुख्य गावांच्या गावकारांस कळवावयाचे, ते गाव इतरांपुढे पावणीस काढावयाचे, आणि त्यातूनही तूट राहिल्यास ती सर्व बेटाने मिळून सोसावयाची. बुडालेल्या गावाचा भार शेजारच्या गावांवर येतो हे एकदा कलमात आले, म्हणजे शेजारच्या गावाचा बांध हा आपलाही प्रश्न ठरतो. पडीक जमीन माडाच्या वा सुपारीच्या बागेसाठी सवलतीच्या धाऱ्याने देण्याचीही त्यात तरतूद आहे. नाच करणाऱ्यांनी प्रथम कोणाच्या घरी जावयाचे आणि मानाचा विडा प्रथम कोणी घ्यावयाचा, हेही तेथे लिहून ठेवले आहे; अर्थव्यवहार आणि मानमरातब यांची फारकत त्या काळच्या मनात झालेली नव्हती. ताळगावच्या गावकारांनी नव्या भाताची पहिली कणसे कापण्याचा जो मान आजतागायत २१ ऑगस्टला पाळला जातो, तो याच जगातला.

यानंतरचा काळ दुःखाचा आहे. तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यावर १५४१ साली त्यांच्या नमशी जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले; पुढे साष्टी-बारदेशातही तेच झाले, आणि सभेतील अग्रमान ख्रिस्ती गावकारांकडे गेला. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश, आणि त्याच धामधुमीत केळोशीची शांतादुर्गा, जुवारी ओलांडून अंत्रुजात (फोंडा महालात) नेण्यात आली. दोन्ही गावे जुवारीच्या काठची, खाजनाची. देव गेले, त्यांच्याबरोबर कित्येक कुळे गेली, परंतु जी कुळे मागे राहिली त्यांस पुढच्या अमावास्येचे उधाण होतेच. धर्म बदललेल्या वांगडांनी तीच सभा, तोच नेमो, तीच पावणी चालू ठेवली. मानशीजवळ ज्या देवचारास रोट वाहावयाचा त्याच्या शेजारी पुढे कुरूस उभा राहिला. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकारांनी धर्मांतराच्या मोहिमेस जो प्रतिकार केला आणि त्याची जी भयंकर किंमत त्यांस असोळणेच्या किल्ल्यात मोजावी लागली, ती कथा गोमंतकात सर्वश्रुत आहे. तिचा आपल्या विषयाशी संबंध असा की, असोळणे, वेळ्ळी व आंबेली या साळ नदीकाठच्या गावांची जमीन गावकारांकडून हिरावली जाऊन पुढे जेझुइट पाद्र्यांच्या हाती गेली, आणि १७५९ साली जेझुइटांची हकालपट्टी होईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. गावकारी नसलेल्या खाजनाचा हा दीर्घ अनुभव गोमंतकास अशा रीतीने आला. तेथेही बांध राहिले, जमीनही पिकली; परंतु शिल्लक गावात वाटली जाण्याचा मार्ग बंद झाला.

सरकारने स्वतः हाती घेतलेले या काळातील एक मोठे काम मात्र उल्लेखनीय आहे. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारेश याने पणजी ते रायबंदर असा, खाजन व मिठागरांतून जाणारा, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा दगडी सेतुमार्ग बांधविला. आजही त्यावरून वाहतूक चालते.

उत्तरेस कोकणपट्टीवर, ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या खाड्यांकाठीही खारभूमीची हीच विद्या नांदत होती. तेथे मानशीस उघाडी म्हणतात आणि बांधलेल्या जमिनीस खारबंदिस्ती. पेणच्या बाजूस शिलोत्री नावाची वहिवाट खार बांधून जमीन काढण्यातूनच निर्माण झाली. मराठी राज्यात पडीक जमिनीसाठी कौल देऊन इस्ताव्याने, म्हणजे पहिली काही वर्षे माफी व नंतर हळूहळू चढता धारा, अशा बोलीने लागवड वाढविण्याचा प्रघात होता. तेथे कौल घेणारी असामी पुढे असे आणि तिच्यामागे कुळे. गोमंतकात सबंध गाव पुढे असे. या भेदाचा सविस्तर विचार एखाद्या अभ्यासकाने अवश्य करावा.

अठराव्या शतकातील युद्धांत सरकारने गावकारींवर जादा पट्ट्या लादल्या आणि अनेक गावे कर्जात बुडाली. कर्ज फेडण्यासाठी उत्पन्नातील हिस्से विकले गेले, आणि गावकार नसलेला, गावात न राहणाराही ‘कुंटोकार’ म्हणून जोणीचा वाटेकरी झाला. संस्थेच्या ऱ्हासाचे बीज मी येथे पाहतो, कारण बांधावर उभे न राहता जोण घेणारा मनुष्य प्रथमच निर्माण झाला. १८५२ साली फिलिप नेरी शाव्हियेर यांनी या संस्थांचा ऐतिहासिक आराखडा प्रसिद्ध करून त्यांच्या अभ्यासास आरंभ केला. १९०० साली बेडन-पॉवेल यांनी आणि १९४७ मध्ये गोमंतकाचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याच विषयावर लिहिले. कोसंबींनी या संस्थेकडे भावुकतेने पाहिले नाही, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

भावुकतेस आवर घालण्याचे कारणही सबळ आहे. कमरेइतक्या चिखलात उभे राहून ज्यांनी बांध रचला, ते गावडे आणि कुणबी सभेत बसत नव्हते. जोणीत त्यांचा वाटा नव्हता, नेमोस त्यांची संमती लागत नव्हती, आणि मालकीहक्क पुरुषांच्या वंशपरंपरेने चालत असल्याने स्त्रियांनाही तेथे स्थान नव्हते. या भूमीवरील पहिली वस्ती कदाचित त्याच गावड्यांची असावी, असे मानणारे अभ्यासक आहेत. गावकारीचा गौरव करणाऱ्या कोणत्याही लेखणीने ही गोष्ट झाकून ठेवू नये. ज्या एकमताची आपण प्रशंसा केली ते मूठभरांचे एकमत होते.

म्हणून १९६४ चा कुळकायदा आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांस मिळालेली मालकी हा न्याय होता, यात मला तिळमात्र संशय नाही. गावकारीस पोर्तुगीज ‘कोमुनिदाद’ म्हणत; त्यांच्या राजवटीची शेवटची ‘कोमुनिदाद संहिता’ १९६१ च्या एप्रिलात निघाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. दोनशेहून अधिक गावकारी तिच्या आधारे कागदोपत्री आजही उभ्या आहेत. शेत कुळाचे झाले. बांधाची जबाबदारी मात्र एका हातातून सुटली आणि दुसऱ्या हातात पुरती पोहोचली नाही. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर बांधांच्या संयुक्त देखभालीचे दायित्व सोपविले. ज्या गावांत संघटना जाग्या आहेत तेथे खाजन पिकते. परंतु अनेक ठिकाणी मानशीतील मासळीचे मोल भाताच्या मोलाहून वाढले, आणि ज्याने पावणी घेतली त्याने भाताच्या हंगामातही दार उघडे ठेवण्याचा प्रकार सुरू झाला. खार आत शिरला, शेत पडीक राहिले, पडीक शेताची मालकी सांगणारा बांधावर फिरकेनासा झाला.

यावरचा उपाय संघटनांच्याच हाती आहे. पावणीचा पैसा संघटनेकडे येतो, आणि तो कोणत्या क्रमाने खर्च करावयाचा हे संघटनेच्या सभेस ठरविता येते. प्रथम बांध, मग मानशीची दारे, मग पोंयीतील गाळ, आणि त्यानंतर उरेल ते सभासदांत, हा जुना क्रम प्रत्येक संघटनेने आपल्या इतिवृत्तात ठराव करून लिहून ठेवावा. सभेत बसणाऱ्यांत या वेळी ज्यांचे हात चिखलात आहेत ते आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया असाव्यात. आणि मानस उघडण्या-मिटण्याच्या तिथी पावणीच्या कागदातच घालून त्यावर मानशेकाराची सही घ्यावी. येत्या आश्विनातील कापणीनंतर ज्या गावांत पावण्या होतील, त्या गावांपासून याचा आरंभ करता येईल.